न दिसणारा थर ओळखला कसा?

सेल्फ-असेंब्लीचा इतिहास वाचायला घेतलात की बरेच रिव्ह्यू पेपर तुम्हाला 1983 पाशी आणून सोडतात. त्या वर्षी अमेरिकेतल्या बेल लॅब्सच्या राल्फ नझो आणि डेव्हिड अलारा यांनी डायसल्फाइडचे रेणू द्रावणातून सोन्यावर बसवले. गंधकाने सोनं घट्ट धरलं आणि एका रेणूच्या जाडीचा थर आपोआप तयार झाला. पण आपण अजून 37 वर्षं मागे जाऊ.

1946. वॉशिंग्टनमधली अमेरिकी नौदलाची संशोधन प्रयोगशाळा. बिगेलो, पिकेट आणि झिस्मन यांनी लांब साखळीचं अल्कोहोल हेक्साडेकेन या तेलकट द्रवात विरघळवलं आणि त्यात प्लॅटिनम बुडवून बाहेर काढलं. ते कोरडंच! ज्या द्रावणातून आलं, तेच द्रावण त्यावर टिकेना. कारण रेणूंची ध्रुवीय डोकी धातूला चिकटली होती आणि शेपट्या बाहेरच्या बाजूला दाटीने उभ्या होत्या.

आता विचार करा, हे त्यांना कळलं कशावरून? रेणू दाखवणारा एसटीएम, म्हणजे स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप, यायला 1981 साल उजाडायचं होतं. त्यांच्या हाती होता द्रवाचा थेंब आणि त्याचा स्पर्शकोन. थेंब पसरतो की गोळा होतो, यावरून सर्वांत बाहेर कोणता रासायनिक गट आहे याचा अंदाज येतो.

पुढे 1991 मध्ये जर्मनीत राबे आणि बुखहोल्त्स यांनी एसटीएमची सुई थेट द्रावणात ठेवून ग्राफाइटवरचे रेणू पाहिले. इथे रेणू उभे नव्हते. ते आडवे पडून शिस्तीत ओळी करून होते, आणि त्या रचनेतली हालचालही टिपता आली.

मग स्पर्शकोन जुना झाला का? मुळीच नाही. एसटीएमचं एक चित्र काही नॅनोमीटरचा तुकडा दाखवतं. थेंब काही मिलिमीटरवरची सरासरी सांगतो. सुंदर चित्र मिळालं म्हणून सगळा नमुना तसाच आहे असं होत नाही, आणि कोन बरोबर आला म्हणून रेणूंची मांडणी कळत नाही.

व्हायव्हात 'थर तयार झाला, हे कशावरून?' असं कुणी विचारलं, तर नुसतं उपकरणाचं नाव सांगू नका. त्या मापनाने नेमकं काय सिद्ध होतं आणि काय होत नाही, तेही सांगा.