सोशल इंटेलिजन्स मोजता येतो का?

अप्रेजलच्या फॉर्मवर ‘इंटरपर्सनल स्किल्स’ नावाचा एक रकाना असतो. साहेब त्यात ५ पैकी ३ लिहितात आणि पगारवाढ ठरताना तो आकडाही धरला जातो. पण हा ३ नेमका आला कुठून?

या रकान्यामागची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये ‘हार्पर्स’ मासिकात बुद्धिमत्तेचे तीन प्रकार सांगितले: शब्द आणि कल्पना हाताळणारी, यंत्रं हाताळणारी, आणि माणसं ओळखून त्यांच्याशी शहाणपणानं वागणारी. ही तिसरी म्हणजे सामाजिक बुद्धिमत्ता. त्यांचं उदाहरणही कारखान्यातलंच होतं. सगळ्यात तरबेज मेकॅनिक ती नसेल तर फोरमन म्हणून अपयशी ठरू शकतो.

गंमत म्हणजे, त्याच वर्षी त्यांनीच लिहिलेला दुसरा निबंध साहेबांच्या त्या ३ वर प्रश्नचिन्ह लावतो. लष्करातल्या वरिष्ठांनी हाताखालच्या अधिकाऱ्यांना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य अशा वेगवेगळ्या गुणांसाठी आकडे दिले होते. थॉर्नडाइक यांना दिसलं की हे आकडे एकमेकांशी गरजेपेक्षा जास्तच जुळतात. माणूस एकूण आवडला की सगळेच रकाने वर जातात. यालाच आज ‘हेलो इफेक्ट’ म्हणतात. हेलो म्हणजे देवाच्या तसबिरीत डोक्यामागे असतं ते तेजोवलय.

मग साहेबांऐवजी परीक्षाच घेतली तर? १९२० च्याच दशकात जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात अशी चाचणी तयार झाली. त्यात नावं आणि चेहरे लक्षात ठेवणं, बोलण्यामागची मनःस्थिती ओळखणं, अगदी विनोद कळणंसुद्धा तपासलं जाई. १९३७ मध्ये रॉबर्ट थॉर्नडाइक (एडवर्ड यांचे चिरंजीव) आणि सॉल स्टाइन यांनी तिचा आढावा घेतला. चाचणीचे गुण शब्दांवरच्या बुद्धिमत्तेशी इतके मिळतेजुळते होते, की ती वेगळं काही मोजते असं म्हणणं कठीण झालं.

हे दुखणं अजून गेलेलं नाही. सायमन बॅरन-कोहेन यांच्या २००१ च्या सुधारित चाचणीत फक्त डोळ्यांचे ३६ फोटो दाखवतात आणि चार शब्दांतून भावना निवडायला सांगतात. पर्यायांत ‘अघास्ट’, ‘डिस्पॉन्डंट’ असे शब्द येतात. मराठी माध्यमात शिकलेल्या मुलीचं उत्तर इथे चुकलं, तर डोळे वाचता आले नाहीत की इंग्रजी अडलं?

‘मी लोकांचं ऐकून घेतो’ छापाच्या प्रश्नावलीबद्दल काय बोलायचं! नोकरी हवी असलेला माणूस ‘नाही’वर टिक करेल का? त्यापेक्षा प्रसंग देऊन ‘तुम्ही काय कराल?’ विचारणाऱ्या चाचण्या बऱ्या, तरी योग्य काय हे माहीत असणं वेगळं आणि ऐन भांडणात तसं वागणं वेगळं. माझ्या मते मुलाखतीत मागचा खरा प्रसंग विचारून खोदत जाणं आणि सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न विचारणं हे त्यातल्या त्यात प्रामाणिक. तुमच्या फॉर्मवर ३ आला असेल तर तुम्हीही तेच विचारा: कोणत्या प्रसंगावरून?

२०१० मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात अनिता वूली आणि सहकाऱ्यांनी ६९९ जणांच्या छोट्या गटांचा अभ्यास मांडला. गटाची कामगिरी सदस्यांच्या सरासरी बुद्धिमत्तेपेक्षा दोन गोष्टींशी जास्त जोडलेली दिसली: त्या डोळ्यांच्या चाचणीतले सरासरी गुण, आणि बोलण्याची संधी सगळ्यांना सारखी मिळणं. या निष्कर्षांवर पुढे वादही झाले. पण कोण किती वेळा बोललं हे निदान मोजता येतं. मात्र तो आकडा गटाचा असतो, एकट्याच्या फॉर्मवर उतरवता येत नाही.