कठीण तितकं चांगलं? पाइपांच्या हार्डनेस चाचणीची गोष्ट

पहार चांगली का, असं लोहाराला विचारलं तर तो म्हणतो, "पाणी चांगलं दिलंय." म्हणजे ती कठीण आहे. कानस फिरवली आणि ती न चावता घसरली, की झाली परीक्षा. कठीण तितकं चांगलं, ही समजूत आपल्यात खोल रुजलेली आहे. पाइप, फिटिंग आणि फ्लँज यांच्या बाबतीत ती उलटी कशी झाली, ते आज आपण पाहू.

कानशीच्या जागी आकडा आणला स्वीडनचे अभियंते योहान ऑगस्ट ब्रिनेल यांनी, 1900 मध्ये. 10 मिलिमीटरची गोळी 3000 किलोच्या भाराने पोलादावर दाबायची आणि पडलेल्या खड्ड्याचा व्यास मोजायचा. खड्डा लहान, तर आकडा मोठा. पुढे अमेरिकेत ह्यू आणि स्टॅनली रॉकवेल यांनी व्यासाऐवजी खोली मोजली. 1914 मध्ये अर्ज केला, 1919 मध्ये पेटंट मिळालं. त्यांना बॉल बेअरिंगच्या कड्या झटपट तपासायच्या होत्या, तिथे कठीणपणा हवाच होता. 1920 च्या दशकात इंग्लंडच्या विकर्स कंपनीत हिऱ्याचा पिरॅमिड आला.

मग 1950 च्या दशकात कॅनडा-अमेरिकेतल्या काही गॅस विहिरींत मजबूत, कठीण पोलादाच्या नळ्याच तडकू लागल्या. त्या वायूत हायड्रोजन सल्फाइड होता, तोच सडक्या अंड्याच्या वासाचा. पाण्याच्या संगतीत तो पोलादावर हायड्रोजनचे सुटे अणू सोडतो. ते आत शिरतात आणि कठीण पोलाद ताणाखाली अचानक फुटतं. मऊ पोलाद निभावून नेतं. आणि हा वायू बाहेर पडला तर माणसं मरतात. म्हणून 1975 मध्ये अमेरिकेतल्या गंज-अभियंत्यांच्या 'नेस' या संस्थेने एक मानक काढलं. त्यात साध्या कार्बन पोलादासाठी ठरलेली मर्यादा 22 रॉकवेल सी. याहून कठीण नको! हा प्रश्न आपल्यापासून लांबचा नाही. मुंबईच्या समुद्रातल्या वसई क्षेत्राचा वायूही असाच, तो पाइपलाइनने हजिऱ्याला नेऊन शुद्ध करतात.

खरी अडचण वेल्डच्या कडेला असते. पाइप मऊ, फ्लँज मऊ. पण जोडताना तापलेली दोन-तीन मिलिमीटरची पट्टी भरकन थंड होते आणि तिला नकळत 'पाणी' बसतं. 22 रॉकवेल सी म्हणजे ब्रिनेलच्या भाषेत साधारण 237, आणि तिथे ब्रिनेलचा खड्डा जवळपास 4 मिलिमीटरचा! पट्टीपेक्षा मोठा. शेजारचं मऊ पोलादही त्यात येतं आणि सरासरी छान दिसते. 10 किलो भाराचा विकर्सचा ठसा मात्र पाव मिलिमीटरच्या आसपास असतो, म्हणून वेल्ड कापून घासलेल्या नमुन्यावर आपण त्याच्यावर भरवसा ठेवतो.

पण चालू लाइन कापणार कशी? 1975 मध्येच आलेलं लीब यांचं उपकरण हातात मावतं. छोटा ठोकळा आपटून किती वेगाने उसळतो ते मोजतं. साइटवर सगळ्यांचं लाडकं. गोम अशी की पातळ पाइप ठोक्याने थरथरतो, उसळी मरते आणि आकडा कमी येतो. लोहाराच्या दृष्टीने ही चूक सुरक्षित बाजूची ठरली असती. इथे मर्यादा वरची, त्यामुळे नापास जोड पास होतो. म्हणून लीब लावण्याआधी पाइपाची जाडी मोजायची, आणि ती कमी भरली तर ते उपकरण पेटीत परत ठेवायचं.