‘समजून द्या’ : बलुत्याचा उरलेला शब्द

अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यावर आपली मुले आज वायरमन आहेत, गवंडी आहेत, रंगारी आहेत. हुन्नर हातात आहे. पण ‘कामाचे किती?’ असे विचारले की त्यांतले कित्येक मान खाली घालून म्हणतात, ‘तुम्ही समजून द्या.’ याला कोणी विनय म्हणेल. मला तो बलुत्याचा अवशेष वाटतो.

गावगाड्यात महाराच्या कामाला मोजमाप नव्हते. 1874 च्या वतन कायद्याने ही चाकरी वंशाला बांधली. रात्री-अपरात्री हजर राहायचे. तो घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्याने राबायचे. मोबदला काय? तुटपुंजी वतनी जमीन आणि रयतेच्या खळ्यावरचे बलुते. काम सरकारचे, दाम रयतेच्या मर्जीचे. महार ताठ चालला की बलुते बंद! ज्याला काम नाकारता येत नाही, त्याला दाम सांगता येत नाही.

19 व 20 मार्च 1927 ला महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळे आपल्या स्मरणात आहे. पण तिथेच बाबासाहेबांनी मृत मांस आणि शिळे तुकडे सोडा, असे बजावले. तो केवळ स्वच्छतेचा उपदेश नव्हता. दुसऱ्याने ठरवलेल्या मोबदल्याला तो नकार होता. पुढच्याच वर्षी त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतन दुरुस्ती विधेयक आणले. बलुत्याऐवजी रोख पट्टी, ती साऱ्याबरोबर वसूल व्हावी, आणि नको असेल त्याला वतनातून सुटता यावे, ही त्यातली मागणी. 1929 मध्ये विधेयक मागे घ्यावे लागले. कनिष्ठ गाव-वतने रद्द करणारा कायदा 1958 मध्ये आला.

एकट्याचा नकार मात्र टिकत नाही. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या कुळांनी, मुख्यतः आगरी शेतकऱ्यांनी, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली 1933 ते 1939 खोतांची जमीन कसली नाही. ते एकजुटीने उभे राहिले, म्हणून तगले.

आज वतन नाही. कामाला ‘नाही’ म्हणण्याचा हक्क आपल्याजवळ आहे. मग दर आपणच ठरवला पाहिजे. सामान, जाण्यायेण्याचा खर्च, कामाचे तास, पावसाळ्यातले रिकामे दिवस या सर्वांचा हिशेब मांडावा आणि काम हाती घेण्यापूर्वी आकडा स्पष्ट सांगावा. एका धंद्यातल्या चौघांनी बसून किमान दर ठरवावा. त्याखाली कोणी उतरू नये. घासाघीस होईल, एखादे काम जाईलही. पण आपल्या श्रमाचा हिशेब दुसऱ्याच्या दयेवर सोडणे, हे वतन कोणत्याही कायद्याने रद्द होणार नाही. ते आपल्यालाच सोडावे लागेल.