पेन्सिलीचं शिसं आणि अणुभट्टीचं पाणी

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की आजी कळशीत तुरटी फिरवायची, आठवतंय? थोड्या वेळाने गाळ खाली, नितळ पाणी वर. आजचा भाग ऐकताना ती कळशी डोळ्यांसमोर असू द्या.

१८५९ साल. ऑक्सफर्डचे रसायनशास्त्रज्ञ बेंजामिन ब्रोडी ग्रॅफाइटचा, म्हणजे आपल्या पेन्सिलीतल्या ‘शिशा’चा, अणुभार शोधत होते. त्यांनी त्यात पोटॅशियम क्लोरेट आणि धूर सोडणारं नायट्रिक आम्ल घातलं. हे भलतंच धोक्याचं मिश्रण, पण पठ्ठ्याने ते ६० अंशांवर तीन-चार दिवस ठेवलं, धुतलं, वाळवलं आणि परत पहिल्यापासून सुरू! शेवटी काळ्या भुकटीचे फिकट पिवळे स्फटिक झाले. ग्रॅफाइटमधला कार्बन वेगळाच आहे, त्याचा अणुभार ३३, असं ठरवून त्यांनी त्याला ‘ग्राफॉन’ नावही दिलं. निष्कर्ष साफ चुकला. पदार्थ मात्र टिकला, आज त्याला ग्रॅफाइट ऑक्साइड म्हणतात. १९५८मध्ये हमर्स आणि ऑफमन यांनी तो बनवायची जलद, कमी जोखमीची रीत दिली.

आता थेट २०१३. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातले जेम्स टूर आणि मॉस्कोतले स्टेपान काल्मिकोव्ह यांच्या गटांनी याच पदार्थाचे एका अणूइतके पातळ पापुद्रे, म्हणजे ग्राफीन ऑक्साइड, किरणोत्सारी द्रावणात टाकले. पापुद्र्यांवर ऑक्सिजनचे गट असतात, त्यामुळे पाण्यात त्यांच्यावर ऋण भार येतो. युरेनियम, प्लुटोनियम, अमेरिशियम यांचे धनभारित आयन त्यांना चिकटतात आणि मग पापुद्रेच एकमेकांना धरून गुठळ्या करतात. तुरटीचीच आठवण येते ना? काम काही मिनिटांत, आणि बेंटोनाइट माती व सक्रिय कोळशापेक्षा सरस.

फुकुशिमाला तेव्हा दोनच वर्षं झाली होती, त्यामुळे बातम्यांना उधाण आलं. मला मात्र ते जरा घाईचं वाटतं. फुकुशिमाच्या पाण्यातला मोठा शत्रू सिझियम, आणि तो पकडायला तिथे झिओलाइट वापरलं गेलं. ट्रिटियम तर पाण्याच्या रेणूतच बसलेला हायड्रोजन, त्याला कुठला पापुद्रा धरणार? ऑगस्ट २०२३मध्ये ते पाणी समुद्रात सोडायला सुरुवात झाली, तेव्हाही वाद याच ट्रिटियमवर होता.

शिवाय गाळ उरतोच. तुरटीचा गाळ आजी अळूच्या आळ्यात ओतायची. इथे सिझियम-१३७ निम्मं व्हायला ३० वर्षं, प्लुटोनियम-२३९ला २४ हजार. आपल्याकडे तारापूरला अणुइंधनाच्या अति-किरणोत्सारी कचऱ्याची काच केली जाते, त्या काचेबद्दल पुढच्या भागात बोलू.