शर्यतीत धावणं कुठे आहे?

आमच्या लहानपणी पाथर्डीच्या स्टँडजवळच्या सलूनात मुंबईचा पेपर दुपारी पोचायचा. आतल्या पानावर बारीक टायपात एक चौकट असायची, ‘आजच्या शर्यतींचे अंदाज’. पहिली शर्यत, दुसरी शर्यत, प्रत्येकीपुढे तीन-तीन घोड्यांची नावं. नावं इंग्रजी, अक्षरं मराठी. दाढीसाठी खोळंबलेल्यांपैकी एकानेही महालक्ष्मीचं रेसकोर्स पाहिलेलं नव्हतं. गावात घोडा दिसायचा तो लग्नसराईत. तरीही ती चौकट मोठ्याने वाचली जायची, नावांवर वाद व्हायचे आणि वाद रंगात येईपर्यंत तिकडे पहिल्या दोन शर्यती होऊनही गेलेल्या असायच्या. वरातीमागून घोडं ते हेच.

त्या चौकटीतले दोन शब्द मला तेव्हापासून चिकटले आहेत. अंदाज आणि शर्यत.

अंदाज फारसी. ‘अंदाख्तन’ म्हणजे फेकणे. तीर फेकणारा तो तिरंदाज, तोफेचा गोळा फेकणारा तो गोलंदाज. गोलंदाज क्रिकेटच्या मैदानात चेंडू घेऊन आला आणि त्याच्या जोडीला मराठीने ‘फलंदाज’ घडवला. शब्दाला शब्द लावायचा तर फलंदाज म्हणजे फळी फेकणारा. बाद झाल्यावर रागावलेला फलंदाज सोडला तर या अर्थाला कुणी जागत नाही. पण अंदाज करणं म्हणजे मुळात नेम धरून काहीतरी फेकणं, हे एकदा कळलं की शर्यतीचे अंदाज आणि हवामानाचे अंदाज दोन्ही जरा समजुतीने घेता येतात. लागला तर तीर.

शर्यतीची गोष्ट याहून मजेची आहे. अरबीत ‘शर्त’ म्हणजे अट. ही शर्त फारसीच्या वाटेने मराठीत आली आणि इथे तिचे तीन संसार झाले. एक शर्त कागदावर राहिली, ‘अटी व शर्ती’मध्ये. ही द्विरुक्तीच आहे, पण सरकारी कागदाला एका शब्दाने समाधान होत नाही. दुसरी ‘शर्थ’ होऊन रणात गेली; शर्थीने लढणे, प्रयत्नांची शर्थ करणे. ‘त’चा ‘थ’ झाला तसं तिला संस्कृत ‘अर्था’चं वळण आल्यासारखं वाटतं, पण मूळ तेच. तिसरी ‘शर्यत’. म्हणजे शर्यतीत धावणं नाहीच. तिच्यात आहे ती दोघांनी आपसात मान्य केलेली अट. इंग्रजी ‘रेस’ नॉर्स भाषेतून आला आणि त्याचा अर्थच मुळी धाव, पाण्याचा लोंढा. आपल्याकडे धावणं नंतर चिकटलं. पुरावा हवा असेल तर कोशात जायची गरज नाही. आमच्याकडे अजून कुणीही म्हणतं, ‘लाव शर्यत, रोहिण्या कोरड्या जाणार.’ इथे कोण धावतंय? ढगसुद्धा नाहीत.

जाता जाता, अरब देशांत पोलिसांना ‘शुर्ता’ म्हणतात, तोही याच धातूचा. आखातात नोकरीला गेलेल्या माणसांनी पोलिसांच्या गाड्यांवर तो शब्द पाहिला असेल. शर्यत आणि पोलीस एकाच घरचे निघावेत, यावर आपल्या नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही जत्रा कमिटीला आश्चर्य वाटणार नाही.

या जिल्ह्यात पारनेर-संगमनेरकडे बैलगाड्यांचे घाट आहेत. घाट म्हणजे डोंगर चढायचा रस्ता नव्हे, शर्यतीची चढती धावपट्टी. गाडा पळायच्या पाळीला ‘बारी’ म्हणतात, अव्वल गाड्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, आणि गाडा सुटला की लाऊडस्पीकरवरचा निवेदक ‘भिर्रर्र’ असा जो आवाज काढतो तो कुठल्याही कोशात बसणार नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी महाराष्ट्राला परत परवानगी मिळाली, ती अटी व शर्तींसह. १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. शर्तीवर चालणारी शर्यत! शब्द सातशे वर्षं भटकून आपल्या मूळ घरी आला, असं मला त्या दिवशी वाटलं.

घोड्याच्या पोटातच शर्यत घालून ठेवलेली सापडते ती संस्कृतात. ‘वाज’ म्हणजे बळ, वेग आणि शर्यतीत जिंकलेलं बक्षीस. ते मिळवणारा तो ‘वाजी’, म्हणजे घोडा. वाजपेय यज्ञात सतरा रथांची शर्यत लावत आणि तिच्यात यजमानाचा रथ पहिला येई. तो येईच, कारण विधीच तसा होता. निकाल आधी ठरलेली शर्यत ही काही आजची कल्पना नव्हे. याच वाजीपासून आयुर्वेदातलं ‘वाजीकरण’ आलं. एसटीतून नगरला जाताना भिंतीभिंतीवर ज्या जाहिराती वाचत मोठे झालो, त्यांचं मूळ वेदातल्या शर्यतीत आहे हे तेव्हा माहीत नव्हतं ते बरंच झालं.

आता पैज. हा शब्द अस्सल घरचा. संस्कृत ‘प्रतिज्ञा’, प्राकृतात ‘पइज्जा’, मराठीत ‘पैज’. पैसा यातही नाही. आहे तो दिलेला शब्द. मराठीतली सगळ्यात प्रसिद्ध पैज आमच्याच जिल्ह्यात लागली, पाथर्डीहून शेवगावमार्गे जाता येईल अशा नेवाशात. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० च्या सुमारास, ज्ञानेश्वरांनी सहाव्या अध्यायाच्या आरंभी अमृतालाच आव्हान दिलं आणि ते दिलं मराठी बोलीच्या जोरावर. तिथे त्यांनी वापरलेला शब्द पैजच आहे. एका बाजूला खांबाला टेकून बोलणारा विशीच्या आतला मुलगा, दुसऱ्या बाजूला अमृत. रेसकोर्सच्या भाषेत सांगायचं तर भाव कुणाचा जास्त असता ते उघड आहे.

इंग्रजीतही हेच घडलंय. ‘वेजर’ म्हणजे पैज, पण मुळात तारण, वचन. पगाराचा ‘वेज’ त्याचा भाऊ, ‘एंगेजमेंट’मधला ‘गेज’ चुलतभाऊ, आणि ‘वेडिंग’ही त्याच कुळातलं. लग्न हा जुगार आहे असं म्हणणाऱ्यांना निदान इंग्रजीपुरता तरी कोशाचा आधार आहे. मला मात्र वेज आणि वेजर या भावांवरून आठवतो तो दसरा-दिवाळीचा पाथर्डी तालुका. ऊसतोडीला निघणारी जोडपी मुकादमाकडून ‘उचल’ घेतात. म्हणजे मजुरी आधी, तोड नंतर. आपला शब्द तारण ठेवून सहा महिन्यांचा गाळप हंगाम उचलायचा. पूर्वी दरबारात अवघड कामाची पैज घेणारा ‘विडा उचलायचा’. क्रियापद तेच. विडा उचलणाऱ्याची बखर होते, उचल घेणाऱ्याची मुकादमाच्या वहीत नोंद होते.

पणाला लावणे या शब्दप्रयोगाने आपण लगेच द्रौपदीपाशी जातो. पण ‘पण’ म्हणजे डावावर लावलेली वस्तू हा अर्थ अर्धाच आहे. ‘पण्’ या धातूचा अर्थ सौदा करणे आणि पैज लावणे, दोन्ही. त्यातून ‘पण्य’ म्हणजे विकायचा माल, ‘आपण’ म्हणजे दुकान, आणि त्यातूनच आजचा ‘पणन’. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळ, कापूस उत्पादक पणन महासंघ. या पाट्या लिहिणाऱ्यांच्या मनात युधिष्ठिर नसणार, पण कापसाची गाडी भरून निघालेल्या आमच्याकडच्या माणसाला पणन आणि पण यांतला फरक फारसा कधी जाणवलेला नाही. तो बी लावतो, खत लावतो, मजूर लावतो आणि हे सगळं पावसावर लावतो. ‘लावणे’ या क्रियापदाचा एवढा दमदार उपयोग कुठल्याही बुकीने केला नसेल.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळात एका जुगाऱ्याचं सूक्त आहे. बेहड्याच्या फळांचे फासे खेळून बायको, घर सगळं गमावलेला माणूस त्यात रडतो आणि शेवटी त्याला सल्ला मिळतो तो असा, की फासे सोड, शेती कर. ऋषी मोठा असेल, पण त्याने पाथर्डीचा पाऊस पाहिलेला नव्हता.

या फाशांनी आपल्याला आणखी एक गोष्ट दिली, जी आपण पंचांगात वापरतो आणि विसरतो. कृत, त्रेता, द्वापर, कली ही मुळात फाशांच्या दानांची नावं. चाराचं कृत सगळ्यांत चांगलं, एकाचं कली हरणारं. युगांना ती नावं नंतर मिळाली. म्हणजे कलियुग याचा शब्दार्थ, पडलेलं वाईट दान. ‘जुगार’ही याच घराण्यातला, ‘द्यूतकार’ या शब्दावरून आलेला. मुळात तो खेळणाऱ्या माणसाचा शब्द. माणूस झिजून खेळ उरला, मग माणसासाठी नवा शब्द करावा लागला, ‘जुगारी’. जुगारात माणसाचं काय होतं हे भाषेने तरी नीट लिहून ठेवलंय.

सट्ट्याचं गोत्र बाजाराचं. प्राकृतात ‘सट्ट’ म्हणजे अदलाबदल. साटेलोटे याच घरातले. आपल्याकडे साटंलोटं म्हणजे याची बहीण त्याला, त्याची बहीण याला. वर्तमानपत्रांनी ते राजकारण्यांना दिलं, तो भाग वेगळा. याच अदलाबदलीत रेसकोर्सवरच्या एका फार गैरसमज झालेल्या शब्दाची चावी आहे, ‘हँडिकॅप’. टोपी पसरून भीक मागण्याशी त्याचा काही संबंध नाही. सतराव्या शतकात इंग्लंडात ‘हँड इन कॅप’ नावाचा खेळ होता. दोघांनी वस्तूंची अदलाबदल करायची, तिसऱ्याने हलक्या वस्तूवर किती पैसे वर द्यायचे ते ठरवायचं, आणि मान्य-अमान्य सांगायला सगळ्यांनी टोपीत हात घालायचा. तिथून तो शब्द घोड्यांच्या शर्यतीत गेला. चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादून सगळ्यांना एका पातळीवर आणायचं, म्हणजे हँडिकॅप. त्या लादलेल्या ओझ्यावरून पुढे अपंगत्वाचा अर्थ आला. म्हणजे मुळात ओझं पडतं ते चांगल्या घोड्यावर.

हा खेळ पाहायला इंग्लंडला जायला नको. पाथर्डी तालुक्यातल्या मढीला, गर्भगिरीच्या डोंगरात, कानिफनाथांच्या यात्रेत रंगपंचमीला गाढवांचा बाजार भरतो. जनावराला जनावर द्यायचं आणि वर किती ते मधल्या माणसाने ठरवायचं, हा गुरांच्या बाजारातला जुनाच व्यवहार. गाढवांच्या बाजाराची स्वतःची भाषा आहे. दात पाहून वय. दोन दातांचं ते ‘दुवान’, चार दातांचं ‘चौवान’, दुधाचे दात न पडलेलं ‘कोरं’, सगळे आलेलं ‘अखंड जवान’. महालक्ष्मीवर १९४३ पासून इंडियन डर्बी होते, तीही चार वर्षांच्या घोड्यांची. पेपरातला अंदाजवाला आणि मढीतला व्यापारी एकच काम करतात. त्याला जुना मराठी शब्द आहे ‘पारख’, परीक्षेतून आलेला. माझं मत विचाराल तर यांतला दुसरा अधिक विश्वासार्ह. तो निदान तोंड उघडून बघतो.

शेवटी मटका. तो जुगार सुरू झाला न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावांवर. तिकडे बाजार उघडतानाचा आणि बंद होतानाचा भाव तारेने मुंबईला यायचा आणि त्यावर पैसे लागायचे. १९६१ च्या सुमारास ती सोय बंद झाली, तेव्हा मुंबईत मडक्यातून चिठ्ठ्या काढायला सुरुवात झाली आणि मडक्याने धंद्याला नाव दिलं. पुढे चिठ्ठ्या जाऊन पत्ते आले, मडकं गेलं, नाव राहिलं. आणि राहिले ‘ओपन’ आणि ‘क्लोज’. गावोगावच्या टपऱ्यांवर दबक्या आवाजात विचारले जाणारे हे दोन शब्द कापसाचे आहेत. आमच्याकडे कापसाचा भाव फुटतो म्हणतात आणि मटक्याचा आकडाही फुटतो म्हणतात. एकच क्रियापद दोघांना कुणी दिलं ते माहीत नाही, पण ज्याने दिलं तो शेतकरी असावा.

सलूनातली ती चौकट आता पेपरात दिसत नाही; अंदाज मोबाइलवर येतात आणि त्यांत मराठी शब्द जवळपास नाहीतच. मढीच्या बाजारात मात्र अजून आहेत. दुवान-चौवानच्या पुढचे, सौदा पक्का करतानाचे, सौदा मोडतानाचे शब्द कुणाच्या आजोबांच्या तोंडी असतील तर ते अर्थासह आणि गावाच्या नावासह लिहून पाठवा. पुढच्या रंगपंचमीला मी स्वतः वही घेऊन तिथे जाणार आहे.