प्रतिस्पर्ध्यांचा सामायिक ‘ऱ्या’

‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ ही वाक्ये पडद्यावर सारखीच उमटली, तर व्याख्यानाऐवजी पंगत व्हायची. हा फरक दाखवण्याची जबाबदारी ब्राउझरची. परस्परांचे प्रतिस्पर्धी असलेल्या ब्राउझर-निर्मात्यांनी काम वाटून घ्यावे काय, या जुन्या वादाचे एक उत्तर या अक्षरात सापडते.

१९९०च्या दशकात नेटस्केप आणि इंटरनेट एक्स्प्लोरर यांची झुंज चालू असताना मराठी संकेतस्थळे आपापले फाँट वापरीत. तो फाँट संगणकावर नसला, की वाचकापुढे निरर्थक चिन्हांची रांग येई. वास्तविक १९९१ सालीच ‘इस्की’ हे भारतीय मानक प्रसिद्ध झाले होते आणि युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले होते. परंतु संकेतांक मिळाला म्हणजे अक्षर दिसले, असे नव्हे. ‘ऱ्या’ म्हणजे ऱ, हलन्त, य आणि काना असे चार संकेतांक. त्यांतून आडवा अर्धा ‘र’ घडवणारी स्वतंत्र आज्ञावली लागते. हिंदीत हा ‘र’ नाही, त्यामुळे मराठीकडे लक्ष जायला वेळ लागणे स्वाभाविकच होते.

लिनक्सच्या जगात क्यूटी आणि पँगो या दोन प्रणाली हे काम वेगवेगळे करीत. एकीतील दुरुस्ती दुसरीपर्यंत आपोआप पोहोचत नसे. दोन्हींचे मूळ एकच असल्याने ते काम ‘हार्फबझ’ या मुक्त प्रकल्पात एकत्र आले (‘हर्फ’ म्हणजे अक्षर). पुढे बेहदाद एस्फाहबोद यांनी ती आज्ञावली नव्याने लिहिली. आज फायरफॉक्स आणि क्रोम हे प्रतिस्पर्धी तीच वापरतात. फरीदाबादमध्ये नोकरीनिमित्त राहणारा मराठी वाचक यांपैकी कोणताही ब्राउझर उघडो, योग्य फाँट असल्यास त्याला ‘ऱ्या’ मिळतो. कोणत्याही कंपनीने केवळ मराठीच्या बाजारपेठेसाठी एवढा खटाटोप एकटीने केला असता, हे संभवत नाही.

मग सारेच सामायिक का करू नये? त्या दिशेने बरीच वाटचाल झालीही आहे. केडीई या स्वयंसेवी प्रकल्पाच्या ‘केएचटीएमएल’वरून अ‍ॅपलने वेबकिट घडवले, २००८ साली क्रोम त्यावर उभा राहिला आणि २०१३ मध्ये गूगलने त्यातूनच ब्लिंक वेगळे काढले. २०१८ च्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्टनेही स्वतःचे इंजिन सोडून क्रोमियम स्वीकारण्याची घोषणा केली. येथे मात्र सावध राहायला हवे. एकच इंजिन उरले, तर त्यातील दोषच प्रमाण ठरेल. तो दोष आहे हे दाखवून देणारे दुसरे कोणी उरणार नाही.

भौतिकशास्त्राने हा पेच वेगळ्या रीतीने सोडवला. सर्नमधील त्वरक एकच. अ‍ॅटलास आणि सीएमएस हे शोधक मात्र स्वतंत्र. ४ जुलै २०१२ रोजी दोघांनीही नव्या कणाची नोंद जाहीर केली, म्हणूनच ती विश्वासार्ह वाटली. ब्राउझरच्या जगात याच्या जवळचा प्रयत्न म्हणजे २०२२ पासूनचा ‘इंटरॉप’: अ‍ॅपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला दरवर्षी चाचण्यांचा एक सामायिक संच निवडतात, आणि प्रत्येक इंजिन त्यांत कितपत उतरते हे जाहीरपणे मांडले जाते.