रॉक मशीन ते मोगॅम्बो : उपनगरी रॉकच्या नावांचा इतिहास

मराठी समीक्षेने मुंबईचा इतिहास लिहिताना कापडगिरणी पाहिली, चाळ पाहिली, अनियतकालिकेही पाहिली; या शहरातला रॉक मात्र तिने 'इंग्रजी गाणी' म्हणून बाजूला ठेवला. आम्हांला हा निकाल घाईचा वाटतो. या बँडांच्या कॅसेटी व सीडी कालक्रमाने मांडून नुसती नावे वाचली, तरी भाषेचा एक इतिहास हाती लागतो.

१९८४ साली मुंबईत 'रॉक मशीन' हा बँड निघाला. महेश तिनईकरांची गिटार आणि पुढे उदय बेनेगलांचा आवाज ही त्याची ओळख. १९८८च्या पहिल्या अल्बमचे नाव 'रॉक अँड रोल रेनेगेड'. बँडचे नाव उसने, अल्बमचेही उसने. १९९३ साली याच मंडळींनी 'इंडस क्रीड' हे नाव घेतले. भाषा इंग्रजीच राहिली, पण 'आम्ही कुठले?' हा प्रश्न नावात शिरला. १९९६ साली 'पेंटाग्राम'चा 'वी आर नॉट लिसनिंग' आला. त्यात विशाल ददलानी गात होते. त्या शीर्षकातली तक्रार रॉकच्या जागतिक कोशातलीच होती.

या संगीताचे व्यासपीठ धोबीतलावचे रंगभवन. १९८६पासून तेथे 'इंडिपेन्डन्स रॉक' भरत असे. बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या श्रोत्याला त्यासाठी लोकलने 'टाउन'ला जावे लागे, आणि परतीची शेवटची गाडी डोक्यात ठेवूनच ऐकावे लागे. रुग्णालये व महाविद्यालय शेजारी असल्याने रंगभवन शांतता क्षेत्रात गेले आणि नव्या शतकाच्या आरंभी तेथला गजर थांबला. पुढे काही वर्षे हा महोत्सव अंधेरीच्या चित्रकूट मैदानावर भरला. रॉक श्रोत्यांच्या घराजवळ आला.

याच काळात नावेही घरी आली, हा आम्हांला केवळ योगायोग वाटत नाही. २००३ साली उभ्या राहिलेल्या एका मेटल बँडने हिंदी भयपटाला शोभेल असे 'भयानक मौत' हे नाव घेतले. २००९चा त्यांचा अल्बमही त्याच नावाचा. 'स्क्राइब'ने २०१०च्या अल्बमला 'मार्क ऑफ तेजा' म्हटले. 'अंदाज अपना अपना' (१९९४) न पाहिलेल्याला ते कळणारच नाही. २०१४चा 'हेल मोगॅम्बो' तर थेट 'मिस्टर इंडिया'तून (१९८७) आला. हे विनोद आहेत, पण परदेशी श्रोत्याची पर्वा न करणारे विनोद आहेत. 'डेमॉनिक रेझरेक्शन'च्या साहिल मखिजांनी तर स्वतःचीच प्रकाशनसंस्था काढली. 'असो'च्या वाचकाला ही वृत्ती ओळखीची वाटावी.

या प्रवासात मराठी कुठे आहे? तिनईकर आहेत, 'पेंटाग्राम'मध्ये पापल माने आहेत. त्यांच्या अल्बमांत मराठी नाही. दोष केवळ वादकांचा नव्हे. अरुण कोलटकर पखवाज शिकले, त्यांनी इंग्रजीत गाण्यांसाठी शब्द लिहिले. ती गाणी 'द बोटराइड अँड अदर पोएम्स'मध्ये २००९ साली, कवीच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, 'प्रास'ने छापली. कोलटकरांचे हे अंगसुद्धा आपण 'कविता' एवढ्याच खात्यात जमा केले. ज्या भाषेची समीक्षा ऐकत नाही, त्या भाषेत गाण्याचे धाडस कोण करील? हे अल्बम आता अभ्यासक्रमाच्या कडेला तरी यावेत. निदान त्यांच्या नावांपासून आरंभ करता येईल.